साधेपणाचे खरेदीखत

सगळे सोडून कुठेतरी लांब खेड्यात जाऊन राहावे, ही इच्छा ज्याच्या मनात एकदाही आली नाही असा संसारी माणूस मिळणे कठीण. वारीत मुक्कामाच्या रात्री उशाला गाठोडे आणि वर आभाळ असले म्हणजे पुष्कळांना वाटते, की अहो, माणसाला लागते ते एवढेच! मग घरी चार कपाटे कशाला भरून ठेवली आहेत? ही इच्छा वाईट नव्हे. परंतु अलीकडे तिला एक नवी वाट फुटली आहे, आणि एका वारकरी भगिनीने विचारलेल्या प्रश्नावरून त्या वाटेविषयीच आज बोलावयाचे आहे.

या भगिनीचा मुलगा बरीच वर्षे परदेशी नोकरीला आहे. इटली देशात डोंगरावरच्या खेड्यात जुने घर नाममात्र किमतीला मिळते, ते घ्यावे, नोकरी सोडावी, चार वाफे भाजी पिकवावी आणि बायकोमुलांसह शांतपणे जगावे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. घराच्या दुरुस्तीसाठी गावाकडची वडिलार्जित चार एकर विकावी असा त्याचा आग्रह आहे. माउली विचारतात, "तो साधेपणाच तर मागतो आहे. मग माझा जीव का खालीवर होतो?"

आधी ते घर स्वस्त का, ते पाहू. इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे मोठे बेट आहे. तेथील सांबुका या गावाने २०१९ साली १६ रिकामी घरे लिलावात काढली. बोली १ युरोपासून. ही बातमी जगभर गेली. मात्र बातमीच्या पोटात अटी होत्या : ५,००० युरो अनामत ठेवायची, तीन वर्षांत घर नीट बांधून काढायचे, आणि त्यासाठी निदान १५,००० युरो खर्च करायचे. गावाने काही लपवले नव्हते, ऐकणाऱ्याने मात्र '१ युरो' एवढेच ऐकले. आणि घर घेतले म्हणजे त्या देशात राहण्याचा परवाना मिळाला असेही नाही. तो परवाना निराळा मागावा लागतो.

पण खरी गोष्ट पैशाची नाही. ती घरे रिकामी का पडली? सिसिलीच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी बाहेर पडली. कोणी अमेरिकेस गेले, कोणी जर्मनीस, कोणी आपल्याच देशाच्या उत्तरेकडील कारखान्यांत. मागे म्हातारी माणसे राहिली, ती गेल्यावर दाराला कुलूप लागले. म्हणजे पाहा, एका आईचा मुलगा ज्या घरातून भाकरीसाठी निघून गेला, त्याच घरात दुसऱ्या आईचा मुलगा शांतीसाठी शिरतो आहे. हा व्यवहार पाप नव्हे. घर पडून जाण्यापेक्षा तेथे दिवा लागलेला बरा, आणि म्हणूनच त्या गावाने ती घरे काढली. त्यांना गल्लीत माणूस हवा आहे, दुकानात गिऱ्हाईक हवे आहे. आपल्या मुलाला हवा आहे एकांत. घेणारा जे मागतो आणि देणारा ज्यासाठी देतो, त्यांत हे एवढे अंतर आहे. ते कोणत्याच खरेदीखतात लिहिलेले नसते.

एकांताचे म्हणाल, तर तुकोबारायही डोंगरावर जात. भामचंद्र, भंडारा हे त्यांचे डोंगर. पण ते देहूपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर होते, आणि परंपरा सांगते की जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे. कीर्तनात आपण तिच्या रागावण्याला हसतो. मला ते हसणे फारसे रुचत नाही. पायांत काटा मोडला तो तिच्या. घरात एकाने साधेपणाचा संकल्प केला, की त्याची भाकरी डोंगरावर नेणारे दुसरे कोणीतरी असतेच. त्या मुलाने हे आपल्या पत्नीला विचारले आहे काय? परक्या भाषेच्या शाळेत बसणार ती मुले, त्यांना विचारले आहे काय? आईच्या पत्रात 'तो म्हणतो' असे पाच वेळा आहे, 'ती म्हणते' असे एकदाही नाही.

परदेशात शेतजमीन घेऊन साधे राहणे ही गोष्ट अशक्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. गांधीजींनी ती करून दाखवली. १९०४ साली जोहान्सबर्गहून डरबनला जाताना आगगाडीत त्यांनी रस्किनचे एक पुस्तक वाचले, रात्रभर झोप आली नाही, आणि थोड्याच दिवसांत डरबनपासून १४ मैलांवर फिनिक्स येथे जमीन घेतली. आधी २० एकर, पाणी आणि थोडी संत्र्याआंब्याची झाडे असलेली. मग तिला लागून ८० एकर, तीत आणखी फळझाडे आणि एक पडके घर. सगळे मिळून हजार पौंड. गवत माजलेले, सापांचा सुळसुळाट.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मंडळींच्या मनात होते, की गरीब शेतकऱ्यासारखी मातीची गवताने शाकारलेली घरे, नाही तर लहान विटांची घरे बांधावीत. पण हिशेब करता तीच महाग पडू लागली, आणि वेळही फार लागता. शेवटी नालीदार पत्र्याची घरे उभी राहिली. साधे दिसणे महाग होते, म्हणून त्यांनी दिसणे सोडून दिले. आज डोंगरावरच्या घराला जुन्या धाटणीचा दगड, जुन्या धाटणीची कौले शोधत हिंडणाऱ्याने हे जरूर वाचावे.

दुसरे असे, की तेथे कोणी नुसते 'राहावयास' गेले नव्हते. 'इंडियन ओपिनियन' हे पत्र तेथे छापायचे होते. गोरा असो वा काळा, सर्वांना महिन्याला सारखे तीन पौंड. पहिल्याच अंकाच्या रात्री छापखान्याचे इंजिन बंद पडले. हाताने फिरवायचे चाक होते, पण त्याला एका वेळी चार माणसे लागत आणि सगळे थकलेले. घरे बांधणारे सुतार तेथेच झोपले होते. त्यांना उठवले, ते आनंदाने उठले, आणि पहाटेपर्यंत पाळीपाळीने चाक फिरले. शांतता म्हणाल तर त्या रात्री तेथे मुळीच नव्हती.

आणि ज्याने ही वसाहत उभारली, त्याला तरी तेथे राहता आले काय? वकिली हळूहळू सोडून फिनिक्सला अंगमेहनतीने पोट भरावे, ही गांधीजींची इच्छा होती. ती तशी पुरी झाली नाही. काम त्यांना पुन्हा जोहान्सबर्गला घेऊन गेले. पुढे १९८५ साली त्या भागात दंगल उसळली तेव्हा ती वसाहत जाळपोळीत सापडली, नंतर ती परत उभारली गेली.

१९१० साली कॅलनबाख या त्यांच्या स्थापत्यकार मित्राने जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर ११०० एकर जमीन घेऊन सत्याग्रहींना विनामूल्य वापरावयास दिली. तीच टॉल्स्टॉय फार्म. तुरुंगात गेलेल्यांची बायकामुले तेथे राहत. कॅलनबाख स्वतः चपला शिवण्यास शिकले आणि त्यांनी ते गांधीजींना शिकवले. खासगी कामासाठी शहरात जायचे तर पायी जावे, असा तेथे नियम होता. माणसे रात्री दोन वाजता निघत, शिदोरी घरची, आणि जाऊन-येऊन ४२ मैल चालत. वारकऱ्याला यात नवल वाटायचे नाही. पण हे पाय पंढरीच्या वाटेवर नव्हते, पैसे वाचवण्यासाठी चालत होते. ते वाचलेले पैसे तुरुंगातल्या माणसांच्या घरांना लागत.

तेव्हा माउली, आपला जीव का खालीवर होतो, ते मला असे दिसते : मुलगा घराचे बोलतो, कामाचे बोलत नाही. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, कारण मळ्यात त्यांना काम होते. तुमच्या मुलाला त्या खेड्यात कोणते काम आहे? तेथे कोणाचे चाक बंद पडले तर रात्री उठण्याची त्याची तयारी आहे का? असेल तर जाऊ द्यावे. पांडुरंगाला सिसिली काही लांब नाही.

चार एकरांचे मात्र स्पष्ट सांगतो. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण तेथे राहून नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, असा आपला कायदा आहे. आज विकली आणि उद्या मन पालटले, तर पैसे हाती असूनही वावर परत घेता यायचे नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्याला येथे राहूनही ते सहजी घेता येत नाही. शिवाय सातबाऱ्यावर जिची नावे आहेत त्या सगळ्यांची संमती लागेल, तुमचीही. सही मागितली म्हणून करू नका.

त्याला लिहा, की बाबा रे, आधी भाड्याने घर घे आणि एक हिवाळा तेथे काढ. दगडी घरांत गारठा असतो, पाऊस असतो, पाहुणे नसतात. सूनबाईला आणि मुलांना बरोबर ने. शेजारच्या म्हातारीची लाकडे फोडून दे, तिची भाषा शीक. नंतर आषाढीला घरी ये, आणि विकायचे की ठेवायचे ते आईसमोर, बायकोसमोर बसून बोल. तोपर्यंत शेत वाट्याने लावलेले आहे तसेच राहू द्यावे.