गर्दीतून एकीकडे

शास्त्रभाग : मार्क ७ : ३१-३७



प्रभू येशू दकापलीस प्रांतातून जात असता लोकांनी एका माणसाला त्याच्याकडे आणले. त्याला ऐकू येत नव्हते व बोलताना जीभ अडखळत होती. तो स्वतः काही मागू शकत नव्हता. म्हणून ज्यांनी त्याला आणले त्यांनीच त्याच्या वतीने प्रभूला विनंती केली. मार्काने ही हकिकत अवघ्या सात वचनांत सांगितली आहे. आपण ती वाचतो आणि चमत्काराकडे पाहून थक्क होतो. परंतु प्रभूने त्या वेळी काय काय केले हे क्रमाने पाहिले, तर दुखणाइताजवळ कसे जावे याचा धडाच आपल्यापुढे उभा राहतो.

हा धडा आपल्या मंडळ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या दवाखान्यासारख्या मिशन दवाखान्यांतून आपल्या कित्येक घराण्यांतील मुली या सेवेत शिरल्या. आज त्यांच्या मुली व नाती, आणि काही घरांतले मुलगेही, सरकारी व खासगी रुग्णालयांत रात्रपाळ्या करीत आहेत. दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या जन्मदिनी, आपण परिचारिकांचा गौरव करतो. फूल देणे चांगलेच आहे. परंतु त्यांच्या कामाचे मर्म कशात आहे, हे मंडळीला ठाऊक आहे काय?

पहिली गोष्ट : प्रभूने त्याला एकीकडे नेले

लोकसमुदायातून त्या माणसाला बाजूला घेण्याची गरज प्रभूला नव्हती. शताधिपतीच्या चाकराला ज्याने दुरून बरे केले, त्याला गर्दीची अडचण ती काय? गरज त्या माणसाची होती. बहिरा माणूस गर्दीत उभा राहतो तेव्हा त्याला सगळ्यांची तोंडे हलताना दिसतात. आपल्याविषयीच बोलणे चालले आहे हे त्याला कळते. पण काय चालले आहे ते कळत नाही. खाटेवर पडलेल्या रोग्याची दशा अशीच असते. डॉक्टर, शिकाऊ विद्यार्थी, नातेवाईक, शेजारच्या खाटेचे पाहुणे असे सारे भोवती उभे राहून त्याच्याविषयी बोलतात, आणि त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. तो ‘सात नंबर’ होतो, नाहीतर ‘ती हर्नियाची केस’ होतो.

या गर्दीतून एक माणूस वेगळा काढणे, हे परिचारिकेचे पहिले काम. भरलेल्या वॉर्डात निराळी खोली कोठून आणावी, असे कोणी म्हणेल. खोली नसेल, पण पडदा ओढता येतो. चादर दूर करण्यापूर्वी “काढू का?” असे विचारता येते. दाराशी उभे राहून ओरडण्याऐवजी खाटेजवळ जाता येते. नाइटिंगेलने १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक लिहिले. रोग्याशी बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावे, आणि त्याच्या कानावर अर्धवट पडेल अशी कुजबूज खोलीत किंवा दाराबाहेर करू नये, हे तिने त्यात बजावून सांगितले आहे. अर्धवट ऐकलेल्या शब्दावर रोगी रात्रभर भीतीचे इमले बांधीत बसतो.

आपल्या मराठीत आणखी एक कसोटी आहे. खासगी खोलीतल्या साहेबांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, आणि जनरल वॉर्डातल्या मजुराला, तो बापाच्या वयाचा असला तरी, ‘तू’ म्हणतो. “ए आजी, तोंड उघड” हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या व गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीची कानउघाडणी केली आहे. तो पक्षपात आपल्या एका सर्वनामात शिल्लक आहे. ‘तुम्ही’ म्हणायला वेळ लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट : त्याला समजेल अशा रीतीने प्रभू बोलला

ज्याला ऐकू येत नाही त्याला शब्दांनी काय सांगणार? म्हणून प्रभूने त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. आता मी या कानांसाठी, या जिभेसाठी काही करणार आहे, आणि मदत वरून येणार आहे, हे त्या माणसाला एकही शब्द न ऐकता समजले. मग प्रभू ‘इफ्फाथा’ म्हणाला. मार्काने शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, तरी हा अरामी शब्द त्याने तसाच ठेवला. बरे करणारा शब्द माणसाच्या घरच्या भाषेत आला.

बेळगावच्या वॉर्डात कानडी, मराठी, उर्दू, कोंकणी अशा भाषा एका रांगेत झोपलेल्या असतात. हैदराबादेस तेलुगू आणि उर्दू. वेदना वाढली की माणूस आईच्या भाषेकडे वळतो. परिचारिकेला सगळ्या भाषा येणे शक्य नाही; पण दुखते, पाणी, श्वास, लघवी, भीती एवढे शब्द तरी शेजारच्या भाषेतून शिकता येतात. दुभाष्याची गरज पडली तर तोही विचाराने निवडावा. आईच्या अंगावरून जाण्याविषयीचे प्रश्न तिच्या तरुण मुलाकरवी विचारले, तर ती माउली लाजेने खरे उत्तर देणार नाही, आणि त्या एका उत्तरावर सारा उपचार अवलंबून असेल.

समजेल असे बोलणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. त्यावर जीव अवलंबून असतो. औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात, असे परिचारिकेला शिकवतात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यांतली पहिलीच गोष्ट संभाषणाची आहे. “तुम्ही शांताबाई ना?” असे विचारले, तर गुंगीत असलेली किंवा कमी ऐकू येणारी बाई कोणत्याही नावाला मान हलवील. “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे विचारून ते कागदाशी व हातातल्या पट्टीशी ताडून पाहिले, तर एकीचे औषध दुसरीला जात नाही.

घरी पाठवतानाही तसेच. “समजले ना?” या प्रश्नाला आपल्या लोकांचे उत्तर ठरलेले असते : “हो सिस्टर.” त्याऐवजी, “मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगा पाहू,” असे म्हणावे. मग कळते, की जेवणानंतरची गोळी ते उपाशीपोटी घेणार होते. लहान मुलाला “काही दुखणार नाही” असे सांगून सुई टोचली, तर त्या मुलाचा पुढच्या परिचारिकेवरही विश्वास राहत नाही. “थोडे दुखेल, मी दहा आकडे मोजेपर्यंत” हे खरे असते, आणि मूल ते सोसते.

तिसरी गोष्ट : प्रभूने उसासा टाकला

स्वर्गाकडे पाहून प्रभूने उसासा टाकला, असे मार्क लिहितो. आता क्षणभरात तो माणूस ऐकू लागणार होता, हे ठाऊक असूनही. त्याने त्या माणसाचे ओझे आधी आपल्या छातीवर घेतले.

परिचारिकेपुढे असा क्षण बहुधा रात्री येतो. नातेवाईकांनी बजावलेले असते, “त्यांना कॅन्सरचे कळू देऊ नका.” सगळे झोपल्यावर रोगी हळूच विचारतो, “सिस्टर, मी बरा होईन का?” दोन उत्तरे सोपी असतात. एक, “अहो, काही झालेले नाही तुम्हाला”; आणि दुसरे, “डॉक्टरांना विचारा” असे म्हणून पाठ फिरवणे. पोकळ धीर रोग्याला एकटे पाडतो, हे नाइटिंगेलनेही त्याच पुस्तकात सांगितले होते. रोगाचे निदान उघड करणे हे डॉक्टरांचे काम आहे. पण म्हणून परिचारिकेला खोटे बोलण्याची मुभा मिळत नाही. तिने दोन मिनिटे बसावे आणि विचारावे, “तुम्हाला काय वाटते? डॉक्टरांनी काय सांगितले आहे? कशाची भीती वाटते?” मग ऐकावे. आणि सकाळी डॉक्टरांना सांगावे, “हे स्वतःविषयी विचारीत आहेत, त्यांना जाणून घ्यायचे आहे.” प्रभूने त्या बहिऱ्याला ज्यांनी आणले त्यांच्यापासूनही बाजूला घेतले, हे विसरू नये. रोग्याच्या वतीने बोलणारे प्रेमाने बोलतात, पण रोगी म्हणजे ते नव्हेत.

आणि जो कधीच बोलणार नाही, त्याचे काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर क्रूर हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत. साडेएकेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण पडला नाही, ही गोष्ट तेथे मांडण्यात आली. न्यायालयापुढच्या कायद्याच्या प्रश्नात आज शिरायचे नाही. एवढेच ध्यानात घ्या, की एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाडाच्या जागी रक्त पोहोचत नाही व कातडी मरते. म्हणून अशा रोग्याला दर दोन तासांनी वळवण्याची शिस्त आहे. ही शिस्त रोज, रात्रंदिवस, आणि आभाराचा एक शब्दही मिळणार नाही हे ठाऊक असताना पाळली गेली. तो उसासा हातांतून बाहेर पडला.

चौथी गोष्ट : कोणाला सांगू नका, असे प्रभूने बजावले

शास्त्राचे अभ्यासक या आज्ञेची निरनिराळी कारणे देतात. परिचारिकेने मात्र ती अक्षरशः आपली मानावी. अंथरुणाजवळ कळलेली गोष्ट त्या माणसाची मालमत्ता आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली आचारसंहिता स्वीकारली व पुढे वेळोवेळी सुधारली; रोग्याची गुपिते राखणे हे तिच्यात कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे. आपल्या देशात एच.आय.व्ही. झालेल्या व्यक्तीची माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी घातली आहे.

पण येथे दोष बहुधा परिचारिकेकडे येत नाही, तो आपल्याकडे येतो. रविवारी उपासना सुटली की मंदिराच्या आवारात आपण तिला गाठतो : “अगं, अमक्यांची सून तुमच्याकडे दाखल आहे म्हणे, काय झालंय?” तिने उत्तर टाळले की आपल्याला राग येतो. आणि तिने सांगितलेच, तर बुधवारच्या प्रार्थनासभेत तो ‘प्रार्थनेचा विषय’ होतो, आणि गुरुवारपर्यंत गावभर. देवाला नाव ठाऊक आहे, निदानही ठाऊक आहे. त्या सुनेने स्वतः सांगितले नसेल, तर “आजारी असलेल्या एका भगिनीसाठी” एवढे पुरे आहे.

मात्र एक भेद परिचारिकेने जाणून असावा. गुप्तता रोग्याची असते, आपल्या चुकीची नव्हे. चुकीची गोळी दिली गेली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना व वरिष्ठांना सांगावे. कारण उपाय करण्याची वेळ तेव्हाच असते. आणि जेथे चूक कबूल करणाऱ्या परिचारिकेला चारचौघांत अपमानित करतात, तेथे पुढची चूक लपवली जाते व तिची किंमत रोगी भरतो. वरिष्ठ जागी असलेल्या बंधुभगिनींनी हे मनावर घ्यावे.

मंडळीचे कर्तव्य

आधुनिक शुश्रूषेचा एक झरा मंडळीतूनच निघाला. जर्मनीत कैझर्सवेर्थ येथे थिओडोर फ्लीडनर नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाने १८३६ साली सेविकांसाठी संस्था काढली, आणि १८५१ साली नाइटिंगेल तेथे शिकण्यास राहिली. शुश्रूषा हे हलके काम नव्हे, ते शिकून करावयाचे पाचारण आहे, हे एका लहान मंडळीच्या पाळकाने व त्याच्या पत्नीने ओळखले. आपण काय ओळखतो? रात्रपाळी करून आलेली भगिनी रविवारी मंदिरात दिसली नाही, की आपण तिच्या विश्वासाचे माप काढतो. ती बारा तास उभी होती, हे विचारात घेत नाही. तिच्या मुलांना त्या सकाळी न्याहारी देणे, तिच्या घरच्या म्हाताऱ्यांजवळ तासभर बसणे, हीसुद्धा मंडळीची उपासना होईल.

आणि दुखणाईत तर प्रत्येक घरात आहे. आपणही भेटीला जातो, खाटेभोवती गर्दी करतो, आपल्याच ओळखीतल्या कोणाचे ऑपरेशन कसे बिघडले ते सांगतो, मोठ्याने प्रार्थना करतो आणि निघतो. पुढच्या वेळी एकट्याने जा. जवळ बसा. “तुमच्यासाठी काय करू?” एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थांबलात, तर तो बोलेल.

ज्या प्रभूने त्या एकाला गर्दीतून बाजूला घेतले, तो आपल्या परिचारिकांचे हात बळकट करो, त्यांच्या जिभेला सत्य व सौम्यता देवो, आणि आपणा सर्वांचे कान उघडो. आमेन.