म्हातारपणी ताटात विरक्ती

‘आता वय झालं, दोन घास कमीच बरे,’ असं म्हणणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं. वानप्रस्थाची कल्पना ग्रंथांतून उतरून कधीच स्वयंपाकघरात मुक्कामाला आली आहे. जुन्या काळी विधवेने एकभुक्त राहायचं, हा तिचाच सर्वांत क्रूर अवतार. ती सक्ती गेली. पण उतारवयात भूक मारणं म्हणजे शहाणपण, ही समजूत टिकून आहे. सून प्रेमाने मऊ भात आणि वरचं पातळ वरण वाढते, सासूबाई समाधानाने जेवतात आणि दोघींनाही वाटतं, पथ्य पाळलं.

यात अर्धं खरं आहे. हालचाल मंदावते तशी उष्मांकांची गरज घटते. प्रथिनांची मात्र घटत नाही, उलट वाढते. त्याच घासातून स्नायू बांधण्याची शरीराची ताकद वयाबरोबर ओसरते, म्हणून कच्चा माल जास्त लागतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. पासष्टीपुढच्यांना 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, असं वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2013 साली सुचवलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावं.

आता 55 किलो वजनाच्या आजींचा दिवस मोजू. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी एक पोळी, वरणभात, थोडी भाजी, रात्री मुगाची मऊ खिचडी. सढळ हाताने धरलं तरी बेरीज जेमतेम 30 ग्रॅम. हवीत 55 ते 66. त्यात एकादशी आली की साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या ताटात खरं पोषण असतं ते दाण्याच्या आमटीत, आणि नेमकी तीच ‘पित्त होतं’ म्हणून बाजूला सरते.

उपायासाठी परदेशी पावडरचा डबा आणायलाच हवा असं नाही. 50 ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात 10 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि कवळी काढून ठेवली तरी ते खाता येतं. दही, मऊ पनीर, अंडं, काटे काढलेली मासळी, खिचडीत डाळ तांदळाएवढी. हे सगळं रात्रीवर न ढकलता तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून द्यावं. चहा-बिस्किटाची सकाळ सर्वांत आधी बदलावी. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठण्याबसण्याचा व्यायाम हवाच. स्नायूंना काम दिलं नाही, तर नुसत्या खाण्याचा फायदा तोकडा पडतो.

बी-12चं दुखणं वेगळं. वयानुसार जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे अन्नातलं बी-12 सुटं होऊन अंगी लागत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी आढळते. शाकाहारी घरात तर मुळात पुरवठाच तोकडा. विसरभोळेपणा, पायांना मुंग्या हे ‘वयाचं’ म्हणून सोडून देण्याआधी रक्त तपासलेलं बरं.

तहानही उतारवयात उशिरा कळते. त्यात रात्री उठावं लागेल या धास्तीने अनेक बायका संध्याकाळनंतर पाण्याला शिवतच नाहीत. अशा वेळी दिवसा ताक, सार, पेज यांची ये-जा ठेवावी.

हे सारं जमायला घरात कुणी ताट वाढणारं तरी हवं. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, आणि गावी एकटा माणूस. ‘एकट्यासाठी काय करायचं’ म्हणत सकाळचाच भात रात्री खाल्ला जातो. सहा महिन्यांत, न ठरवता, वजन विसाव्या हिश्श्याने उतरलं तर ती धोक्याची खूण असते. बांगड्या कोपराकडे सरकतात, पोलकी ढगळ होतात. आपण मात्र एखाद्या लग्नात भेटल्यावर म्हणतो, ‘काकू, काय छान बारीक झालात!’