पावसाचं खातं वेगळं

मार्गशीर्षातला पाऊस आमच्या भीमपूरकडे कोणी मागत नाही. सोयाबीन घरात आलेलं असतं, हरभरा फुलावर असतो आणि पऱ्हाटीवर दुसऱ्या वेचणीचा कापूस फुटून लोंबत असतो. तिकडे बंगालच्या उपसागरात वादळ उठतं आणि समुद्र कधी न पाहिलेली माणसं इकडे आभाळाकडे बघत बसतात. 2023 साली 5 डिसेंबरला मिचाँग वादळ बापटल्याजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा आमच्या तेलंगणातही पाणी झालं. पडलेलं पाणी अखेर जातं तिथंच: पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहितेत, गोदावरीत आणि परत त्याच उपसागरात.

पाऊस उघडला की मी पैनगंगेच्या काठाने फिरून येतो. काळ्या मातीत चप्पल चालत नाही, अनवाणीच जावं लागतं. पलीकडे यवतमाळ जिल्हा, टिपेश्वरचं जंगल. तिथले वाघ नदी ओलांडून आमच्या शिवारात येतात. गाळात रोह्याचे खूर दिसतात, रानडुकरांनी उकरलेले खड्डे दिसतात. जुन्या खुणा पावसाने धुतलेल्या असतात, म्हणून जे दिसतं ते ताजं. यंदा चार बोटांचा, नखं न उमटलेला रुंद पंजा दिसला आणि मी वाट सोडून शेतातून वळलो.

वळलो ते गावातल्या एका काकूंच्या शेतात. एक बोंड दाबलं तर पाणी गळलं; आत सरकीला कोंब. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, 12 च्या वर गेला तर कापूस परत. काकू धुऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, मागल्या जन्मी मी काय केलं असन?"

हा प्रश्न काकूंच्या एकटीचा नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सरळ मांडला आहे: कोणी सुखी, कोणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती की निर्दय? भाष्यात शंकराचार्यांनी दाखला दिला तो नेमका पावसाचा. पाऊस साळीला आणि जवाला सारखाच पडतो; साळीची साळ आणि जवाचे जव होतात ते बियाण्याच्या अंगच्या गुणाने. तसा ईश्वर सर्वांना समान, भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा.

दाखला देखणा आहे. मी स्वतः तो कितीदा सांगितला असेल. पण धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे तो टिकत नाही. दोन्ही शेतांत बियाणं एकाच दुकानातलं, पेरणी एकाच आठवड्यातली. पलीकडच्याकडे गाडी आहे. त्याने दुसऱ्या गावाहून बाया आणल्या आणि आभाळ येण्याआधी वेचणी उरकली. काकूंना बाया मिळाल्या नाहीत. शास्त्री म्हणतील, बाया न मिळणं हेही कर्मच. काहीही घडलं तरी जे उत्तर बरोबरच ठरतं, त्याचा मला संशय येतो.

पाली संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं मागच्या कर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध ते नाकारतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, चुकीची वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्म, अशी आठ कारणं ते सांगतात. बोलणं देहाच्या वेदनेबद्दल चाललं आहे, पिकाबद्दल नाही, हे खरं. तरीही ऋतूचं खातं त्यांनी कर्माच्या खात्यापासून वेगळं ठेवलं आणि शेतकऱ्याला ते पटायला वेळ लागू नये. हिवाळ्यातल्या पावसाने हरभऱ्याच्या पानांवरची आंब धुऊन जाते, त्यात कोणाचं पाप शोधायचं?

कर्मसिद्धान्त मी सोडलेला नाही. माझ्या तुरीला अळी लागली तर माझा आळस मी जरूर तपासीन. पण तेच माप दुसऱ्याच्या भिजलेल्या कापसाला लावायचा अधिकार मला कोणत्या शास्त्राने दिला, ते सापडत नाही. काकूंना मी एवढंच म्हणालो, "तुम्ही काही केलं नाही. बाया मिळाल्या नाहीत."

आता ऊन पडलं आहे. वरची काही बोंडं अजून फुटायची आहेत, त्यांचा कापूस चांगला निघेल. ज्यांची वेचणी उरकली आहे त्यांनी एक दिवस काकूंच्या शेतात यावं. ओटी घरून आणा, आणि दिवस मावळायच्या आत परत निघा, वाघ याच बाजूला आहे.