देहाचे पंचांग

बोरघाट चढून लोणावळ्यास उतरणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम चिक्कीच्या दुकानांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु याच गावात जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापून, ज्या योगासनांकडे तोवर एक तर भाबड्या भक्तीने किंवा सुशिक्षितांच्या उपहासाने पाहिले जात असे, त्यांची क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षा करण्याचा उद्योग आरंभिला आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून तिचे निष्कर्ष जगापुढे ठेवले, हे या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वांगासनाने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीस रक्ताचा पुरवठा वाढून तिचे आरोग्य सुधारते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते आजच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न निराळा. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याचा काळ. थायरॉक्सिन हा अंतःस्राव 1914 साली वेगळा करण्यात आला होता खरा, पण स्त्रीदेहास घडविणारे एस्ट्रोन हाती यावयास 1929 साल उजाडावे लागले आणि पुरुषदेहास घडविणारे टेस्टोस्टेरॉन 1935 साली. अशा वेळी मावळातल्या एका योगसाधकाने ग्रंथींचा विषय काढावा, हे धाडसच होते. मात्र संयमाने व साधनेने ग्रंथींवर आपला अंमल बसवावा ही त्या पिढीची आकांक्षा होती, आणि वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून अंमल चालतो तो नेमका उलट दिशेने. तो कोणत्या पंचांगाने चालतो याविषयी आपण वडीलधारी माणसे आजवर पुष्कळच बेसावध राहिलो आहोत.

त्या पंचांगातील पहिले आश्चर्य असे की, तारुण्याची ही यंत्रणा नव्याने निर्माण होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती चालू असते, मग मेंदू तिला सुमारे दहा वर्षे निजवून ठेवतो, आणि पुढे एका रात्री, मूल गाढ झोपेत असता, मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस अवघ्या दहा अमिनो आम्लांचा एक रेणू ठेक्याठेक्याने सोडू लागतो. या रेणूची रचना शोधण्याच्या कामाबद्दल गिलमँ व शॅली यांस 1977 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचा हुकूम शेजारच्या पीयूषिका ग्रंथीस पोहोचतो, तिचे स्राव रक्तावाटे बीजकोशांस किंवा वृषणांस पोहोचतात, आणि तेथून इस्ट्रोजेन वा टेस्टोस्टेरॉन देहभर पसरते. यांतील ठेका महत्त्वाचा आहे. तोच रेणू अखंड धारेने दिला तर पीयूषिका काही काळाने त्यास जुमानीनाशी होते, आणि अकाली वयात येऊ लागलेल्या लहान मुलांवर वैद्य आज जो उपचार करतात तो याच गुणावर आधारलेला आहे. म्हणजे घरच्यांना मुलीच्या छातीत किंचित फुगवटा अथवा मुलाच्या ओठावर मिसरूड दिसते, त्याच्या कितीतरी आधी या कारभारास रात्रीच्या काळोखात आरंभ झालेला असतो.

समाजाने या प्रदीर्घ क्रमातून एकच दिवस उचलला, आणि तोही मुलीचाच. मुलीस न्हाण आले की तिला मखरात बसवावे, आप्तेष्टांनी ओटी भरावी, ऋतुशांती करावी, आणि विवाह आधीच झालेला असल्याने तिची सासरी पाठवणी करावी, अशी पुण्याच्या आसमंतात चार पिढ्यांपूर्वीपर्यंत वहिवाट होती. सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याचे योजिले तेव्हा, 1891 साली, पुण्यात जे वादळ उठले त्याचे मर्म याच एका दिवसात होते: बारा वर्षे पूर्ण होण्याआधी न्हाण आले तर गर्भाधानसंस्कार लांबवावा लागेल आणि सरकार धर्मात हात घालील, ही टिळकांच्या पक्षाची तक्रार, संस्कार लांबविण्यास शास्त्राचा आधार आहे, हा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा युक्तिवाद. दोन्ही बाजूंनी ग्रंथ उलटले गेले, पण देहाचे दप्तर फारसे कोणी उघडले नाही. त्यात नोंद अशी सापडली असती की, मुलीची उंची सर्वांत वेगाने, वर्षास आठ-नऊ सेंटिमीटरांपर्यंत, वाढते ती न्हाण येण्यापूर्वी. त्यानंतरची एक-दोन वर्षे पुष्कळ पाळ्या बीज न सुटताच येतात. आणि कटीचे हाड पूर्ण रुंदावण्यास त्याहूनही अधिक अवधी लागतो. ज्या दिवसास सर्वांनी सिद्धतेचा दाखला मानले तो दिवस देहाच्या हिशेबी वाटेवरचा एक टप्पा होता. कायद्याने तारीख मुक्रर करावी लागते, त्यास इलाज नाही. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहासाठी चौदा वर्षे ठरविली आणि 1978 मध्ये ती अठरा झाली, हे उत्तमच झाले. पण तारीख संरक्षणासाठी असते, आणि तिलाच निसर्ग समजण्याची चूक सुधारकांच्या हातूनही होत असे.

आज मखर गेले. शिवाशिव मात्र अनेक घरांत उरली आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील पाऊस ज्याने अनुभवला आहे त्यास हे सांगावयास नको की, आषाढ-श्रावणात तेथे दोरीवरचा कपडा चार-चार दिवस वाळत नाही. पाळीचे कापड वापरण्यात स्वतः काही गैर नाही. ते साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळविले पाहिजे, एवढीच अट. पण मावळात ऊन पाऊस हिरावून घेतो, आणि पाऊस नसेल तेव्हा लाज हिरावून घेते, कारण ते कापड दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालण्याची रीत आई मुलीस शिकवीत आली. ओलसर कापडाने त्वचेस पुरळ येते, खाज सुटते, आणि मुलगी त्याची वाच्यता करीत नाही. रक्ताचा हिशेबही असाच लपलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी शंभरात एकोणसाठ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ज्या वर्षांत देह हाडे, स्नायू आणि रक्त एकदम वाढवीत असतो, त्याच वर्षांत त्या मुलीच्या ताटात सर्वांच्या शेवटी वाढले जाते, भावाला दुधाचा पेला आणि तिला चहा, हा भेद आंबेमोहराच्या प्रदेशातही नवा नाही.

मुलाच्या बाबतीत तर समाजाने एकही दिवस राखून ठेवला नाही. त्याची यंत्रणा मुलीहून वर्षभराने मागे असते. प्रथम वृषणे वाढतात, ज्याकडे कोणाचे लक्ष नसते, मग आवाज फुटतो, ज्याची सर्वजण थट्टा करतात, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची अशी झपाट्याने वाढते की दिवाळीला शिवलेली विजार उन्हाळ्यात घोट्याच्या वर येते. रात्री झोपेत वीर्यस्राव होतो तेव्हा त्यास वाटते की आपल्याला काही भयंकर व्याधी जडली. आणि लोहमार्गालगतच्या भिंतींवर रंगविलेल्या गुप्तरोगतज्ज्ञांच्या जाहिराती ती भीती पक्की करून तिच्यावर पैसे मिळवितात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटले भरले गेले. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. पुढे 2007 साली महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला तेव्हा, सत्तर वर्षांनी, निकाल फारसा बदललेला दिसला नाही.

या बेसावधपणाचा ताजा दाखला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आहे. वयात येताना झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे बारा-पंधरा वर्षांच्या मुलास अकराच्या आत झोप येत नाही व सकाळी त्यास उठवत नाही. आईबाप त्यास आळस म्हणतात, आणि भ्रमणध्वनीसही दोष देतात; त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये फर्मान काढले, की शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू स्तुत्य होता. मात्र ते लागू करण्यात आले पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांना, म्हणजे जी मुले कोंबड्याबरोबर आपण होऊन उठून बसतात त्यांना. पाचवीच्या पुढील वर्ग त्यातून वगळले गेले, आणि सकाळच्या सत्रातील शाळा गाठण्यासाठी पवन मावळातील आठवीचा मुलगा अंधारात पहिल्या एस.टी.ची वाट पाहत उभा राहतो, ज्या वेळी त्याच्या मेंदूच्या लेखी अजून मध्यरात्र पुरती सरलेली नसते.