बापाची गोळी, बापाचा वारसा

सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याने निघालं की गोळेगाव, मग अजिंठा गाव, मग घाट आणि घाट उतरल्यावर लेणी. तिथल्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी वेस्संतर जातकाची गोष्ट भिंतभर रंगवली आहे. दानाचा महिमा सांगणारी कथा म्हणून ती दाखवली जाते, पण तिच्या मुळाशी आहे ते एक गुन्ह्याचं प्रकरण. पाऊस पाडणारा राज्याचा पांढरा हत्ती राजपुत्र वेस्संतर कलिंगातून आलेल्या ब्राह्मणांना देऊन टाकतो. आजच्या भाषेत, सरकारी मालमत्तेची परस्पर विल्हेवाट. प्रजा खवळते, आणि राजा संजय पोटच्या मुलाला बायकोपोरांसह वनवासाला धाडतो. बापाला काय वाटतं, हे तिथे कोणी विचारत नाही. राज्य मागतं म्हणून बाप शिक्षा देतो.

त्याच लेण्यात आणखी एक बाप-मुलगा आहेत. बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत, दारात यशोधरा लहानग्या राहुलला पुढे करून उभी आहे. कथा सांगते की मुलाने बापाकडे आपला वारसा मागितला. बापाने मुलाला शिक्षा काय करावी आणि बाप मुलाला देतो तरी काय, हे दोन प्रश्न तिथे एकाच छताखाली आहेत. पुढच्या दीड हजार वर्षांत गोष्टी बदलल्या, माध्यमं बदलली. कधी एक प्रश्न वर आला, कधी दुसरा.

या जिल्ह्याला तर बाप-लेकाच्या संघर्षाची सवयच असावी. औरंगजेबाने १६५८ मध्ये बापाला, शाहजहानला, आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं. त्याचं नाव इथल्या शहराला शतकानुशतकं होतं आणि त्याची कबर खुलताबादेत आहे. आज शहराला आणि जिल्ह्याला ज्यांचं नाव आहे, ते संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांपासून दुरावून दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि वर्षभराने पन्हाळ्यावर परतले. का गेले, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. दोघांना एका मापाने मोजण्याचं कारण नाही. एकाने बाप कैदेत टाकला, दुसरा परतला आणि बापाचं राज्य मरेपर्यंत लढवलं.

गोष्टीला खरी कलाटणी मिळते ती १६८१ मध्ये. औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करतो, दुर्गादास राठोडाबरोबर दक्षिणेत येतो आणि आसरा घेतो तो संभाजीराजांकडेच. बापाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. बंडाबद्दल बापाने खडसावलं तेव्हा मुलाच्या उत्तराचा आशय असा होता की ही वाट तर तुम्हीच दाखवलीत. ज्या वाटेने तुम्ही तख्तावर आलात, ती माझ्यासाठी वाईट कशी? गुन्हेगार मुलाने न्यायाधीश बापाला वारशाचा हिशेब विचारला तो असा.

मराठी रंगभूमीवर हा हिशेब यायला उशीर लागला. जुन्या नाटकांनी संभाजीराजांना व्यसनी, वाट चुकलेला मुलगा करून टाकलं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र १९६० मध्ये आलं, त्याने कागदपत्रांच्या आधारे ते चित्र पुसायला घेतलं. दोनच वर्षांनी वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज, काशिनाथ घाणेकर संभाजी. कानेटकरांनी कोणालाच आरोपी केलं नाही. राज्य उभारण्यात गुंतलेला बाप आणि त्या बापाची वाट पाहून कडवट झालेला मुलगा, दोघंही आपापल्या जागी खरे. घाणेकरांचा धगधगता संभाजी इतका गाजला की प्रेक्षकांची सहानुभूती बऱ्याच वेळा मुलाकडेच झुकत असे.

तमिळ सिनेमाने मात्र आधी राजा संजयचीच बाजू घेतली. १९७४ चा ‘तंग पदक्कम’ म्हणजे ‘सुवर्णपदक’. महेंद्रन यांच्या नाटकावरून पी. माधवन यांनी तो काढला. शिवाजी गणेशन त्यात पोलीस अधिकारी चौधरी आहेत. (या नटाचं ‘शिवाजी’ हे नाव छत्रपतींवरूनच आलेलं. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी शिवाजी महाराज रंगवले आणि पेरियारांनी ते नाव दिलं.) चौधरींचा मुलगा लहानपणीच वाया जातो, बाप त्याला सुधारगृहात टाकतो, मुलगा मनात अढी धरून मोठा होतो, आणि शेवटी बाप त्याला गोळी घालतो. कर्तव्याचं पदक बापाच्या छातीवर लागतं. चित्रपट प्रचंड चालला. बापाच्या डोळ्यांत पाणी आहे, पण त्याच्या निर्णयाबद्दल सिनेमाच्या मनात शंका नाही.

रमेश सिप्पींच्या ‘शक्ती’चं (१९८२) ‘तंग पदक्कम’शी असलेलं नातं उघड आहे. तरी सलीम-जावेद यांनी त्यात एक खिळा ठोकला. अपहरण झालेला लहान मुलगा फोनवर बापाचा आवाज ऐकतो: मुलाला मारलंत तरी तुमचा माणूस सोडणार नाही. दिलीपकुमारचा हा पोलीस अधिकारी कायद्याने बरोबर आहे. पण ते शब्द ऐकणाऱ्या पोराला कायदा कळत नसतो. अमिताभ बच्चनच्या विजयचं पुढचं सगळं आयुष्य त्या फोनवर उभं आहे. इथेही शेवटी बाप गोळी घालतो, पण गुन्ह्याची पहिली नोंद आता बापाच्या नावावर आहे.

एका वर्षात मराठी लेखकांनी सगळा डावच उलटा मांडला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन: ‘अर्धसत्य’, १९८३. भाषा हिंदी, पण माणसं, चौकी आणि घर अस्सल मराठी. अनंत वेलणकरला पुढे शिकायचं होतं; हवालदार बापाने बळजबरीने पोलिसात घातलं. हाच बाप आईला मारायचा आणि अनंत ते बघत मोठा झाला. अमरीश पुरींनी हा बाप खलनायकासारखा रंगवलेला नाही, म्हणून तो जास्त भिववतो. अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात आणि बाहेर त्यांना मान असतो. पुढे अनंतच्या हातचा मार खाऊन कोठडीत एक किरकोळ चोर मरतो. प्रकरण मिटवण्यासाठी तो ज्याच्या दारात जातो तो रामा शेट्टी; सदाशिव अमरापूरकरांनी साकारलेला, हसत बोलणारा गुंड. अनंत त्याचाच गळा दाबतो आणि स्वतः चौकीत हजर होतो. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथे मुलगा बापाच्या विरुद्ध वाटेला गेलेला नाही, बापाच्याच वाटेने गेला आहे, आणि नेमकं तेच त्याचं संकट आहे. बापाने त्याला वर्दी दिली आणि वर्दीबरोबर उगारलेला हातही दिला. बापाला गोळी झाडण्याची गरजच उरली नाही.

मणिरत्नम यांच्या ‘नायकन’ची (१९८७) बातमी आपल्याच घरची: धारावी, आणि वरदराजन मुदलियारवरून सुचलेला वेलू नायकर. वेलूच्या बापाला पोलीस मारतात, लहान वेलू त्या पोलिसाला मारतो. मोठेपणी तो इन्स्पेक्टर केळकरला संपवतो, त्याच्या मतिमंद मुलाला सांभाळतो, आणि शेवटी तोच मुलगा वेलूला गोळी घालतो. मालमत्तेसारखा सूड बापाकडून मुलाकडे सरकतो. पाच वर्षांनी ‘देवर मगन’ आला. त्यात बाप झालेले शिवाजी गणेशन पुन्हा आहेत, फक्त यावेळी गावच्या वैराची गादी सांभाळणारे. कमल हासनचा लंडनहून परतलेला मुलगा ती गादी नको म्हणतो, बापाच्या मरणानंतर ती त्याच्याच गळ्यात पडते, आणि हातून खून झाल्यावर तुरुंगात जाताना तो गावाला कोयते टाकून पोरांना शिकवायला सांगतो. प्रियदर्शनने १९९७ मध्ये हिंदीत तो केला तेव्हा नाव ठेवलं ‘विरासत’, आणि बापाच्या भूमिकेत पुन्हा अमरीश पुरी.

मुंबईत मात्र बापाकडे द्यायला काही उरलंच नाही, अशीही वेळ आली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावात बापाच्या ओळखीने मुलगा खात्यात चिकटायचा. ती साखळीच तुटली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधला आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये काढलेल्या ‘लालबाग परळ’मधला नरू गुंड होतो. त्याचा दोष बापाच्या माथी मारायचा तर आधी गिरणीमालकांचा आणि सरकारचाही हिशेब मांडावा लागतो. बाप-मुलाच्या गोष्टीत इतका वेळ गैरहजर असलेला तिसरा पक्ष मराठी लेखकाने इथे कोर्टात उभा केला.

आणि मग २०२३ चा ‘जेलर’. रजनीकांत, म्हणजे बंगळुरूत मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. त्यांचे वडील खरोखरच पोलीस शिपाई होते. चित्रपटात रजनीकांत निवृत्त तुरुंगाधिकारी आहेत आणि त्यांचा पोलीस अधिकारी मुलगा भ्रष्ट निघतो. बाप त्याला कायद्याच्या हवाली व्हायला सांगतो, मुलगा बापावरच पिस्तूल रोखतो आणि मारला जातो. वर्दी मुलाच्या अंगावर गेली, एवढाच काय तो फरक. मुलगा असा का झाला, असं एकही पात्र धड विचारत नाही. सिगारेट, चष्मा, संथ चाल, आणि टाळ्या. सिल्लोडसारख्या गावांत असे सिनेमे हिंदी आवाजात मोबाइलवर पोचतात आणि आवडतातही. रजनीकांतची जादू नाकारण्यात अर्थ नाही. पण विचार म्हणून पाहिलं तर ‘जेलर’ १९७४ च्या चौधरींपाशी परत गेलेला आहे, आणि हवालदाराचा मुलगा अनंत वेलणकर चाळीस वर्षांनंतरही त्याच्या बराच पुढे आहे.