मडके भरले नाही, पण रिकामेही झाले नाही

सामान्य काळातील बत्तिसावा रविवार (वर्ष ब)
वाचने : १ राजे १७:१०-१६, इब्री ९:२४-२८, मार्क १२:३८-४४



आजच्या उपासनेत आपल्याला दोन विधवा भेटतात. दोघींचीही नावे बायबलने नोंदवलेली नाहीत. एकीच्या घरात मूठभर पीठ होते, दुसरीच्या पदरात दोन नाणी होती. दोघींनीही ते देऊन टाकले. ही वाचने आली की प्रवचन दानावर होणार आणि शेवटी कसली तरी वर्गणी जाहीर होणार, असे काहींच्या मनात आले असेल. आज वर्गणी नाही. आज आपण या दोघींच्या घरात जरा डोकावून पाहू या.

ओढा आटला तेव्हा

इस्राएलमध्ये अहाब राजा राज्य करीत होता. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्या नादाने अहाबाने बआल देवाची पूजा सुरू केली. पाऊस पाडणारा आणि पीक देणारा देव म्हणून लोक बआलला भजत. अशा वेळी एलिया संदेष्टा राजासमोर उभा राहिला आणि त्याने सांगितले की, परमेश्वराच्या शब्दावाचून आता पाऊस काय, दवसुद्धा पडणार नाही.

दुष्काळ पडला. देवाने एलियाला करीथ ओढ्याकाठी लपून राहायला सांगितले. तेथे कावळे सकाळ-संध्याकाळ त्याला भाकरी आणि मांस आणून देत आणि तो ओढ्याचे पाणी पीत असे. पण काही दिवसांनी तो ओढाही आटला.

येथे क्षणभर थांबू या. एलिया देवाच्या आज्ञेत होता. जेथे जायला सांगितले तेथेच तो गेला होता. तरीही ओढा आटला. आपल्याला वाटते की आपण नीट वागलो, नियमित मिस्साला गेलो, संध्याकाळी घरात रोजरी म्हटली, म्हणजे आपला ओढा कधी आटणार नाही. मग कंपनी बंद पडते, कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, आणि आपण म्हणतो, "देवाने आम्हांला सोडले." देवाने एलियाला सोडले नव्हते. ओढा आटला आणि त्याला पुढचा पत्ता मिळाला.

तो पत्ता तरी कसला! देवाने त्याला सीदोनमधील सारफथला पाठवले, म्हणजे थेट ईजबेलच्या मुलखात. तेथे कोणी धान्याचा व्यापारी त्याला पोसणार नव्हता, तर एक विधवा पोसणार होती. ती परकी होती, परधर्मी होती आणि स्वतःच उपाशी होती. एलिया गावाच्या वेशीशी पोहोचला तेव्हा ती काटक्या गोळा करीत होती. तिचा हिशेब सरळ होता. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल. त्याची शेवटची भाकरी करायची, आपण आणि लेकराने खायची, आणि मग मरणाची वाट पाहायची.

एलिया तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकरी करून आण, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी कर.

माता-भगिनींनो, तुमच्यापैकी कोणाच्या दारात असा माणूस आला असता तर तुम्ही काय केले असते? लेकराच्या तोंडचा घास काढून पाहुण्याला द्यायचा? हे मागणे कठोर आहे. ते सोपे करून सांगण्यात अर्थ नाही. पण एलियाने मागण्याआधी तिला धीर दिला, भिऊ नकोस म्हणाला. आणि मागितल्यावर देवाचे वचनही दिले की, पाऊस पडेपर्यंत हे मडके रिकामे होणार नाही. तिच्या हातात त्या वेळी फक्त तेवढा शब्द होता. चमत्कार अजून झालेला नव्हता. शेवटचे पीठ मळायला घेताना तिने तो शब्द खरा मानला.

हा ठेव योजनेचा व्यवहार नाही

पुढे काय झाले ते नीट वाचा. मडके भरून वाहू लागले असे कोठेही लिहिलेले नाही. तिच्या घरात पिठाची पोती आली नाहीत. फक्त पीठ संपले नाही आणि तेल कमी पडले नाही. रोज हात घालावा आणि त्या दिवसापुरते मिळावे. उद्याचे पीठ तिला आज कधी दिसलेच नसेल. म्हणजे पहिल्या दिवशी ठेवला तसा विश्वास तिला रोज नव्याने ठेवावा लागला.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण वर्षभराचे धान्य मागत नाही, एका दिवसाची भाकरी मागतो. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला तोही तसाच. ज्याने दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथासाठी साठवलेला तेवढा टिकला.

हल्ली काही उपदेशक सांगतात, "तुम्ही इतके द्या, देव तुम्हांला दहापट परत करील." बंधूंनो, हा विश्वास नव्हे, ही देवाबरोबर केलेली ठेव योजना आहे. सारफथच्या विधवेला दहापट मिळाले नाही. उलट पुढे तिचा तोच मुलगा आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. भरल्या डोळ्यांनी तिने एलियाला जाब विचारला. एलियाने देवाला कळकळीने विनवले आणि मुलगा जिवंत झाला. पण ते दुःख तिच्या दारात आलेच. दान म्हणजे संकटाविरुद्ध काढलेला विमा नव्हे. मडक्यातले पीठ पुरवणारा देव दुःखाच्या दिवशीही त्याच घरात होता, एवढे मात्र तिला कळले.

विश्वास म्हणजे बेफिकिरीही नव्हे. मुलांच्या फीसाठी चार पैसे बाजूला ठेवणे, आजारपणाची तरतूद करणे यात अविश्वास नाही. काम करायला नकार देणाऱ्यांना संत पौलाने कडक शब्दांत सुनावले आहे. प्रभूने ज्याला मूर्ख म्हटले तो श्रीमंत शेतकरी पीक आले म्हणून मूर्ख ठरला नाही. कोठारे मोठी करताना त्याला स्वतःशिवाय दुसरे कोणी दिसलेच नाही, हा त्याचा मूर्खपणा.

दोन टोल्या आणि एक प्रश्न

आता यरुशलेमच्या मंदिरात जाऊ या. प्रभू येशू दानपेट्यांसमोर बसला आहे. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत आहेत. एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार असे आणि दोन टोल्या म्हणजे त्या दिनाराचा चौसष्टावा भाग. आज एखाद्याला ६४० रुपये रोज मिळतो असे धरले, तर तिचे दान १० रुपयांचे. आपल्या रविवारच्या पेटीत दहाची नोट पडली तर कोणी वळूनही पाहत नाही. प्रभूने शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून ते दान दाखवले. इतरांनी उरलेल्यातून दिले होते, तिने जगण्यासाठी होते ते दिले होते. नाणी दोन होती. एक स्वतःला ठेवून दुसरे टाकले असते तरी कोणी तिला नाव ठेवले नसते.

पण या गोष्टीच्या आधी आणि नंतर काय आहे, तेही वाचले पाहिजे. अगदी आधीच्या ओळींत प्रभू येशू शास्त्र्यांवर रागावला आहे. ते लांब झगे घालून मिरवतात, मेजवानीत मानाच्या जागा धरतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. लगेच नंतर, मंदिराच्या भव्य दगडांचे कौतुक करणाऱ्या शिष्याला तो सांगतो की, यातला दगडावर दगड राहणार नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर खरोखरच जमीनदोस्त केले.

म्हणून ही गोष्ट फक्त विधवेचे कौतुक करून संपत नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शेतात राहिलेली पेंढी विधवेसाठी सोडायची होती. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातल्या लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा होता. जिला मंदिराने द्यायचे, तीच मंदिराला शेवटची दमडी देत होती. प्रभूने तिच्या विश्वासाची थोरवी सांगितली, आणि तिच्यावर ही पाळी का आली हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न समजला होता. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. त्या कामासाठी त्यांनी सात जणांना नेमले. त्यांतील एक संत स्टीफन. करिंथच्या लोकांना दानाविषयी लिहिताना संत पौलानेही स्पष्ट केले की, दुसऱ्याला आराम आणि तुम्हांला ओढाताण असा हेतू नाही. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी. त्यासाठी त्याने दाखला दिला तो मान्नाचाच.

देवाचे हात

देव पुरवतो म्हणजे कसा पुरवतो? इटलीतील तुरिन शहरात १८२७ साली एक परगावचे कुटुंब अडकले. बाई गरोदर होती आणि आजारी होती. आजारी म्हणून प्रसूतिगृहाने तिला घेतले नाही, गरोदर म्हणून दुसऱ्या रुग्णालयाने घेतले नाही. नवऱ्यादेखत, मुलांदेखत ती मरण पावली. तिला शेवटचे संस्कार देणारे धर्मगुरू होते फादर जोसेफ कोत्तोलेंगो. या मृत्यूने ते हादरून गेले. कोणीही घेत नाही अशा रुग्णांसाठी त्यांनी भाड्याच्या काही खोल्यांत सोय सुरू केली. १८३१ साली कॉलऱ्याच्या भीतीने सरकारने ती बंद करायला लावली. त्यांचाही ओढा आटला! १८३२ साली त्यांनी शहराच्या कडेला पुन्हा सुरुवात केली आणि त्या घराला नाव दिले, 'दैवी तरतुदीचे छोटे घर'. आजही ते घर रुग्णांची सेवा करीत आहे. १९३४ साली चर्चने कोत्तोलेंगो यांना संत घोषित केले. देवाची तरतूद त्या बाईपर्यंत पोहोचली नव्हती, कारण माणसांची दारे बंद होती. संत कोत्तोलेंगोंनी एक दार उघडले.

संत मदर तेरेसा यांनी १९७९ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना कोलकात्यातील एका हिंदू कुटुंबाची गोष्ट सांगितली होती. आठ मुलांचे ते घर कित्येक दिवस उपाशी होते. मदर तांदूळ घेऊन गेल्या. त्या आईने तांदळाचे दोन वाटे केले आणि एक घेऊन ती बाहेर गेली. परत आल्यावर मदरनी विचारले, कोठे गेली होतीस? शेजारचेही उपाशी आहेत, एवढेच तिने सांगितले. शेजारी मुस्लीम होते. सारफथ नकाशावर फार दूर असेल, पण ती विधवा आपल्याच देशात, आपल्याच शेजारात राहते.

आणि मिझोराममध्ये पाहा. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातील एक मूठ देवकार्यासाठी वेगळी काढून ठेवतात. गरीब घरांनी काढलेल्या त्या मुठींवर तेथे सुवार्तेचे मोठे काम उभे राहिले.

आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात

मग आपण काय करायचे? तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, या आठवड्यात भात शिजवण्याआधी रोज एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाका. ती मूठ मुलांच्या हाताने टाकायला लावा. आठवड्याच्या शेवटी तो डबा कोणाच्या घरी जावा, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवा. देताना घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असे द्या. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूने त्यासाठीच सांगितले.

दुसरी, लग्नाच्या मांडवात, नामकरणात, सणाच्या जेवणावळीत कर्ज काढून केलेला खर्च हे औदार्य नव्हे. ज्यांच्याजवळ आहे त्यांनी साधेपणा सुरू केला, तर ज्यांच्याजवळ नाही त्यांची लाज वाचेल. हेसुद्धा दानच आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या घरात आज खरोखरच मूठभर पीठ उरले आहे त्यांच्यासाठी. औषधाचे पैसे दानपेटीत टाकू नका. उसने आणून मिस्साचे दान देऊ नका. देवाला तुमचे मन पोहोचले आहे. सांगायला संकोच वाटत असेल तर एकट्याने या, पण माझ्याकडे या किंवा आपल्या विभागातील व्हिन्सेंट डी पॉलच्या बंधू-भगिनींना सांगा. एलियासारख्या संदेष्ट्यालाही हात पसरावा लागला. घेणाराही देवाच्या योजनेत असतो.

विधवेच्या दोन टोल्या स्वीकारणाऱ्या चर्चने तिच्या चुलीची चौकशी केली पाहिजे. ती चौकशी करण्याची जबाबदारी माझी आहे आणि तुमचीही.

प्रार्थना करू या :

हे दयाळू पित्या, आमचा ओढा आटतो तेव्हा आम्हांला धीर दे. मडक्यात हात घालताना तुझ्या शब्दावर भिस्त ठेवायला शिकव. आमच्याजवळ जास्त असेल तर शेजारचे रिकामे मडके दाखव, आणि कमी असेल तर मागण्याची नम्रता दे. आमच्या या धर्मग्रामात कोणी उपाशी झोपू नये म्हणून आमच्या हातांचा उपयोग करून घे. आमचा प्रभू येशू ख्रिस्त, ज्याने स्वतःसाठी काहीही राखून न ठेवता आपले सर्वस्व दिले, त्याच्याद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.