दोरीची दोन टोकं

चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेलगतच्या गुम्मिडिपूंडीत काय किंवा साताऱ्याच्या अपशिंग्यात काय, निवृत्त जवान पहाटे देवापुढे बसला की लोक म्हणतात, बंदूक सुटली, माळ आली. मला हे पटत नाही. पलटणीत ‘सर्वधर्म स्थळ’ असतं. मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च एकाच छपराखाली. माळ तिथंही होतीच. कुणी म्हणेल, ही श्रद्धा कसली, मरणाची भीती! असेलही, पण नुसती भीती माणसाला पळवते. एप्रिल १९४८मध्ये कारवारजवळच्या चेंडियाचे लष्करी अधिकारी रामा राघोबा राणे नौशेरा-राजौरी वाटेवर रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले, चालकाला दोरी ओढून खुणा करत. चालकाला ते दिसत नव्हते. राण्यांच्या पूजापाठाविषयी मी बोलत नाही. पण न दिसणाऱ्यावर भार टाकणं सैनिकाला असं रोजच्या कामातच शिकावं लागतं.

घराचंही तेच. रजा संपली की संसाराचं दुसरं टोक बायकोच्या हाती. मुलांचं आजारपण, शाळा, सासू-सासरे, सगळं. म्हणून निवृत्तीनंतर तो नातवाचा डबा भरताना दिसला, की ‘किती कुटुंबवत्सल’ म्हणण्याची घाई मी करत नाही. मला ती बरीच वर्षं थकलेली उसनवारी वाटते, आणि तो ती मुकाट्याने फेडत असतो.